एरंडेलाचं वंगण

सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात शेठांची मोटार असे. तिची देखभाल एक म्हातारे मिस्त्री करत आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. मी त्यांना मामा म्हणत असे. त्यांना मोतीबिंदू झाला होता. शेठांना कळलं तर काम जाईल, म्हणून हे फक्त आम्हा दोघांतच होतं. बारीक काम मी करायचो. मामा कानांनी आणि बोटांनी तपासायचे.

एकदा ड्रायव्हर म्हणाला, पुढून घुमल्यासारखा आवाज येतो. मामा शेजारी बसून पाथरीच्या रस्त्याने थोडं जाऊन आले.

"डावीकडं वळलं की आवाज वाढायलाय. भार येतो ते उजवं चाक हाय," मामा म्हणाले.

चाक जॅकवर उचललं. मामांनी ते वरून आणि खालून धरून हलवलं, तर खुळखुळलं. मग लाकडी दांडक्याचं एक टोक चाकामागच्या लोखंडाला टेकवून दुसरं माझ्या कानाला लावलं आणि चाक फिरवलं. जात्यात खडा सापडावा तशी खरखर कानात शिरली. बेरिंग गेलं होतं.

नवं बेरिंग हैदराबादहून आलं. सोबत विलायती ग्रीसचा डबा होता.

तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं आणि सरहद्दीपलीकडच्या इंग्रजी मुलखातून लपवून आणलेली स्वराज्याची पत्रकं माझ्या सदऱ्याच्या आत असत. परदेशी माल शिवायचा नाही, हे मी त्यांतून शिकलो होतो आणि दिसेल त्याला सांगत होतो. मामांनाही म्हणालो, "हे ग्रीस नको. बैलगाडीला घालतात ते वंगण घालू."

मामा हसले. "गाडी विलायती, बेरिंग विलायती. तुझं स्वराज्य वंगणातच अडकलंय व्हय?"

मला त्या हसण्याचा फार राग आला.

मामांनी जुन्या बेरिंगची कडी ठोकून काढली, नव्याची चाचपत बसवली आणि जेवायला गेले. ग्रीस तळहातावर घेऊन बेरिंगच्या फटीफटीत दाबून भरायचं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी तसंच दाबून भरलं, पण वंगण. एरंडेल आणि जळक्या गवताची राख. चाक चढवलं, नट आवळून जरासा सैल केला, टोपण ठोकलं.

परत आल्यावर मामांनी विचारलं, "नीट भरलंस ना?"

"भरलं."

त्यांनी चाक फिरवून कान दिला. "झ्याक हाय," म्हणाले.

चार दिवसांनी मानवतच्या रस्त्यावर ते चाक धूर सोडत जाम झालं. बैल जुंपून गाडी ओढत आवारात आणली. शेठ उन्हात तिथेच उभे राहिले. मी टोपण काढलं. एरंडेल पातळ होऊन पाझरून गेलं होतं. लोखंड तापून निळं पडलं होतं. मामांनी आत बोट घातलं, उरलेली राख चिमटीत चोळली, वास घेतला आणि माझ्याकडे तोंड केलं. त्यांना मी किती दिसत होतो कोण जाणे. मी जमिनीकडे बघत होतो.

"मिस्त्री, काय घातलं होतं यात?" शेठांनी विचारलं.

मामा चिमटीतली राख झटकत राहिले. तेवढ्या वेळात मला बोलता आलं असतं. पण पुढचा प्रश्न 'का घातलं' हाच येणार होता आणि पत्रकं माझ्या छातीशी होती. त्यांपायी तुरुंगात गेलेली पोरं मला ठाऊक होती. तुरुंगाला भीत नाही, असं मीच मामांना कितीदा ऐकवलं होतं.

"चूक माझी, शेठ," मामा म्हणाले. "डबा वळखू आला न्हाई. मला दिसायलं न्हाई आता."

"कधीपासून?"

"लय दिवस झाले."

शेठ ओरडले नाहीत. उद्यापासून घरीच आराम करा, एवढंच म्हणाले. मामांनी हात पुसले, पाने चाचपून एकेक करून पेटीत लावले आणि पेटी माझ्या पायाशी सरकवली.

"ग्रीसचा डबा फळीवर हाय," ते मला हळूच म्हणाले. "नवं बेरिंग आलं की तेच भर. उगं कुणाचा जीव जाईल."

भिंतीला हात लावत ते फाटकापर्यंत गेले. मी त्यांना हात द्यायलाही उठलो नाही.

पुढच्या आठवड्यात बेरिंग आलं. मी त्यात विलायती ग्रीस भरलं. त्याच दिवशी शेठांनी मला मिस्त्रीचं काम दिलं आणि मी ते घेतलं.