आबांचा कान

वरंध घाटातले अवघड वळण जवळ आले की आबांच्या जीपमध्ये कोणी बोलायचे नाही, असा नियम होता. आबा काच खाली करीत, मान बाहेर काढीत आणि पलीकडचा आवाज ऐकीत. "ट्रक हाय. भरलेला. दुसऱ्या गेरावर चढतोय," असे सांगून ते जीप कडेला घेत. क्षणभराने ट्रक दिसे. तो भरलेलाच असे.

हिर्डोशीच्या या माणसाने भोर-महाड प्रवासी जीप उभी हयात चालवली. मी गावच्या शाळेत मास्तर होतो. चाळिशीत मला गाडी शिकवली ती आबांनीच. "क्लच पायानं नगा सोडू मास्तर, कानानं सोडा." मला ते समजायला वर्ष लागले.

निवृत्तीनंतर मी विजेवरची मोटार घेतली. मुलाचा आग्रह नव्हता. हौस माझीच होती. आबांना आत बसवले. समोर एक पडदा, बाकी सारे कोरे. त्यांनी त्यावरून हात फिरवला.

"पंगतीत पान मांडलं आन् वाढलं कायबी न्हाई, असं झालंया. काच पुसायचं बटन कुठं?"

"पडद्यावर."

"म्हंजी धुकं आलं का वाचत बसायचं व्हय?" ते हसले. मग गंभीर झाले. "आन् हिला आवाजच न्हाई, ही येती ते कळायचं कसं? घाटात हॉर्न इसरू नगा. आमी कानावर चालतो."

मी शब्द दिला.

पावसाळा सरताना महाडहून परत येत होतो. धुके दाटले. मी मान खाली घालून पडद्यावर काच पुसण्याची खूण शोधत राहिलो. हॉर्न द्यायचा राहिला. वळणापलीकडून जीप घेऊन येणाऱ्या आबांनी नेहमीप्रमाणे कान दिला होता. त्यांना रस्ता मोकळा वाटला. मी मान वर केली तेव्हा जीप समोर होती. मला वाचवण्यासाठी त्यांनी ती डोंगराकडच्या चरात घातली. पुढचे चाक मोडले. माणसे सुखरूप राहिली.

आबा उतरून माझ्याकडे आले. ओरडले नाहीत.

"म्या ऐकलं हुतं मास्तर. नीट ऐकलं हुतं."

चूक माझी होती. मी तसे सांगितलेही. जीप दुरुस्त झाली, पण त्यांनी ती पुन्हा चालवली नाही. स्वतःच्या कानावरचा त्यांचा विश्वास गेला होता, आणि तो मी घालवला होता.

परवा ते हिर्डोशीच्या थांब्यावर दिसले. भोरला निघाले होते. मी गाडी थांबवून दार उघडले.

"बसा, आबा."

"तुमी व्हा फुडं."

एसटीला अजून तासभर अवकाश होता. ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते.