हुकावरचं वजन

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. पंधरा वर्षं फौजेच्या वर्कशॉपात गाड्या दुरुस्त केल्या. गाडी कुरकुरली तर त्याला कारण असतंच, सापडेपर्यंत खोलत राहायचं... एवढंच मला कळतं. म्हणून हे इतकी वर्षं कुठे लिहिलं नाही.

साल चौऱ्याहत्तर. पेन्शन घेऊन मी साताऱ्याला आलो होतो आणि फौजेच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली होती. फोर व्हील ड्राइव्ह. दिसायला खटारा, पण चिखलात रुतलेला ट्रक ओढून काढायची. माझा मेहुणा वसंता पलूसला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होता. नदीकाठच्या गावांत फिरता दवाखाना काढायचा म्हणून डॉक्टरांनी महाबळेश्वरच्या एका बंगल्यातली जुनी कॅरव्हॅन घेतली. कॅरव्हॅन म्हणजे दोन चाकांवरची पत्र्याची खोली, जीपच्या मागे हुकाला अडकवून ओढायची. ती पलूसला पोचवायचं काम वसंतानं माझ्या गळ्यात घातलं.

वसंताबद्दल खरं सांगायचं तर माझं मत बरं नव्हतं. गोड बोलायचा, पण अर्धं पोटात ठेवायचा.

फेब्रुवारीतली सकाळ होती, स्वच्छ ऊन. बंगल्याच्या म्हाताऱ्या माळ्यानं किल्ली दिली आणि म्हणाला, "आवं हवालदार, चालत्या गाडीत आत कुनी बसू नगा."

"का?"

"बसू नगा म्हंजे बसू नगा. मालक बी कुनाला बसू द्यायचं न्हाईत."

मला लगेच शंका आली, म्हाताऱ्यानं आत काहीतरी लपवलंय. सगळं उघडून बघितलं. पुढे एक बाक, मागे एक बाक, मध्ये हात धुवायचं बेसिन. बाकांवर रेक्झिनच्या जाड गाद्या. खाली वाकून पाहिलं, काही नाही. खिडक्या गंजून घट्ट बसलेल्या. दाराला बाहेरून कुलूप घातलं, किल्ली शर्टाच्या खिशात.

पाचगणीपर्यंत जीप मजेत चालली. तिथे मी रेडिएटरसाठी पाणी आणायला गेलो. वसंता दहा मिनिटं गाडीपाशी एकटाच होता... हे लक्षात ठेवलं मी.

पसरणीचा घाट उतरायला लागलो आणि मागे काहीतरी हललं. ज्यानं गाडी ओढलीय त्याला हे कळेल. मागचा भार ड्रायव्हरला कमरेत जाणवतो. जीपचं बूड खाली दबलं, मग उचललं, परत दबलं. खड्डा नव्हता, काही नव्हतं. कॅरव्हॅनमध्ये माणूस पुढच्या बाकाकडे चालत यावा, परत मागे जावा, अगदी तसं.

मी जीप कडेला घेतली. "वसंता, आत कोन हाय?"

"कोन असनार दाजी? किल्ली तर तुमच्यापाशी हाय."

कुलूप जसंच्या तसं होतं. दार उघडलं. आत कुणीच नव्हतं. पण पुढच्या बाकाच्या गादीत खड्डा पडला होता, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखा. आणि आम्ही दोघं बघत असताना ती गादी हळूहळू फुगून सपाट झाली.

माझ्या डोक्यात तेव्हाही भूत आलं नाही. वसंताच आला. यानं पाचगणीत काहीतरी भानगड केली, दुसऱ्या किल्लीनं कुणाला तरी आत बसवलं आणि मघाशी वळणावर उतरवलं; कसं, ते मला सांगता येत नव्हतं.

"खरं सांग रं," मी म्हणालो, "कुनाला घेतलं व्हतंस?"

त्याचा चेहरा पडला. "आक्काची शप्पत दाजी, मला कायबी ठावं न्हाई. न्हाई ना इस्वास? मग मीच बसतो आत. हलतंय का बघा तवा."

माळ्याचं बोलणं आठवलं होतं मला. तरी म्हणालो, "बस." तो मागच्या बाकावर बसला. मी दार लावलं... आणि कुलूप घातलं.

तिसऱ्या वळणावर ब्रेकचं पेडल थेट खाली गेलं. ब्रेक तापून गेले असणार. मागून ती पत्र्याची खोली ढकलतेय, तिची शेपूट डावी-उजवीकडे झोके घेतेय, समोर दरी. वसंता मागच्या बाजूला बसलेला, म्हणजे हुकावर वजन नाही, जीपची मागची चाकं रस्ता धरत नाहीत. आणि तो आत, कुलपात. माझ्या बायकोचा एकुलता भाऊ.

तेवढ्यात हुक दबला. चार-पाच जण एकदम पुढे धावत यावेत तसा. जीप मागून बसली, चाकांनी पकड घेतली, झोके थांबले. मी लो गिअर टाकला आणि डोंगराच्या बाजूच्या चरीत गाडी घासत नेऊन उभी केली.

धावत जाऊन कुलूप उघडलं. वसंता मागच्या बाकाच्या लोखंडी पायाला दोन्ही हातांनी मिठी मारून जमिनीवर पडला होता. चेहरा पांढराफटक.

"फुडं कोन आलं व्हतं?" मी विचारलं.

तो उठून बसला. "दाजी, तुमी आत कसं आलासा?"

"मी?"

"'वसंता, मागचा बाक धर, हलू नगंस' म्हनून तुमीच की वरडलासा. कानापाशी."

मी एक शब्दही बोललो नव्हतो. पुढच्या बाकाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

वाईहून मिस्त्री आणून ब्रेक नीट केले आणि संध्याकाळच्या आत पलूस गाठलं. वाटेत हुक एकदाही हलला नाही. डॉक्टरांनी त्या कॅरव्हॅनमध्ये पुढं बरीच वर्षं रोगी तपासले. बायाबापड्या त्याच बाकावर बसायच्या. कुणाला कधी काही जाणवलं नाही.

हिशेब लावायचा खूप प्रयत्न केला. वसंताच पुढे धावला आणि नंतर मागे जाऊन पडला, असं स्वतःला पटवायचो. पण एका माणसाच्या वजनानं जीप एवढी दबत नाही, हे मीच इतरांना शिकवलेलं. आणि तो आवाज? कळत नाही.

आमच्यात नंतर भांडण झालं नाही, पण पूर्वीसारखं बोलणंही राहिलं नाही. तो आजारी पडला तेव्हा मिरजेला दवाखान्यात भेटायला गेलो. दोघंच होतो. मी म्हणालो, "वसंता, आता तरी सांग. फुडं तूच आला व्हतास ना?"

तो छताकडे बघत म्हणाला, "आधी तुमी सांगा दाजी. कुलूप का घातलंसा?"

दाराची कडी सैल होती, असं सांगणार होतो. ती सैल नव्हती. मी त्याचा हात धरून तसाच बसून राहिलो.