कुस्तान टेलरने जोडलेली वायर

कॉन्स्टान्सियो हे नाव त्याच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर आहे, आणि ते तिथेच राहिलं. कट्टा गावच्या बाजारात तो कुस्तान टेलर. शाळेचे गणवेश, पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक, आणि दिवाळी सरली की दशावतारी कंपनीच्या राजांचे अंगरखे, सगळं त्याच्याच मशीनवरून जायचं. राक्षसाचा काळा झगा शिवताना कुस्तान येशूच्या तसबिरीकडे पाठ करून बसतो, असं बाजारातली माणसं चिडवायची. तो म्हणायचा, "त्याका म्हायत आसा, माझां पोट खंय आसा ता."

त्याच्या कामाची रीत साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. माप एकदाच घ्यायचा, पण कात्री लावण्याआधी कापड दिवसभर टेबलावर नुसतं पसरून ठेवायचा. येता-जाता त्यावर हात फिरवायचा. गिऱ्हाइकं कातावायची, लग्न तोंडावर आलंय म्हणून गळा काढायची. कुस्तान ढिम्म. चाळीस वर्षांत त्याने कापताना घाई केली, असं कुणी म्हणणार नाही.

घाई त्याने आयुष्यात एकदाच केली, आणि ती त्याला अजून कुणी माफ केलेली नाही.

धाकटा मुलगा ॲरोन कणकवलीला एका मोटारसायकलींच्या दुकानात हिशेबनीस होता. जानेवारीत कामावरून परतताना हायवेवर अपघातात तो गेला. तेवीस वर्षांचा. थोरला लिओन कुवेतला, एका कंपनीत एसी दुरुस्तीच्या कामावर. त्याचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. फोनवर रडत त्याने एकच मागणं मागितलं : तीन दिवस ठेवा त्याला, मी येतो.

आमच्या किनाऱ्यावर यात मागण्यासारखंही काही नसतं. ख्रिस्तांवांच्या दर घरातलं एक माणूस आखातात नाहीतर जहाजावर असतं. ते येईपर्यंत मयत शवागारात ठेवायचं, ही रीतच. कधी चार दिवस, कधी सहा. शेजारी-पाजारी घरच्यांना जेवण पोचवतात आणि वाट बघतात. कुस्तानने वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला इगर्जीमागच्या सिमितेरीत ॲरोनला माती दिली गेली. पाद्रीबाबांनी दोनदा विचारलं, बायको कार्मीनने पाय धरले. तो नुसता म्हणत राहिला, "आजच."

लिओन तिसऱ्या दिवशी आला. ओल्या मातीपाशी उभा राहिला, आणि मग घरी न येता मालवणला मावशीकडे गेला. सातव्या दिवसाची मिस, मयतासाठीची प्रार्थना, झाली तसा विमानाला निघून गेला. बापाच्या घरचा पाण्याचा घोटदेखील त्याने घेतला नाही. तेव्हापासून तो दर रविवारी आईला फोन करायचा. चुकून कुस्तानने उचलला, तर पलीकडून फोन ठेवलेला ऐकू यायचा.

कारण काय होतं ते कुस्तानने कुणाला सांगितलं नव्हतं. कार्मीन म्हणाली, मला सांगा, मी सांगते त्याला. त्यावर तो म्हणाला की हे दुसऱ्याच्या हाती धाडण्यासारखं नाही, त्याचं त्याला मीच सांगायला हवं. पण सांगणार कसं? फोन तो घेणार नाही, पत्र लिहायला कुस्तानचं शिक्षण पाचवीपर्यंत. असे नऊ महिने गेले.

ऑक्टोबरात कार्मीनने ॲरोनची खोली झाडायला काढली. टेबलावर त्याचा कॉम्प्युटर, आणि बाजूला ते गेमचं काळं यंत्र, जुन्या टेबलक्लॉथखाली झाकलेलं. ते बघून कुस्तानच्या मनाने भलतंच घेतलं. दोघे भाऊ दर शुक्रवारी त्या यंत्रावर फुटबॉल खेळत. शुक्रवार म्हणजे कुवेतची सुट्टी. कानाला हेडफोन लावून गप्पाही त्यातच. लिओनने तिकडे तसंच यंत्र घेतलेलं. कुस्तानने विचार केला तो गावच्या माणसासारखा. गावात एखादा आपल्याशी बोलत नसेल, दारात उभं करत नसेल, तर तो जिथे बसतो त्या कठड्यावर जाऊन बसायचं. आज ना उद्या तोंडाला तोंड पडतं. लिओनचा कठडा हा.

पण यंत्राला इंटरनेट लागतं, आणि घरातलं इंटरनेट कार्मीनने पावसाळ्यापूर्वीच बंद केलं होतं. कंपनीचा माणूस येऊन भिंतीवरचा राउटर सोडवून घेऊन गेला. यंत्राला बिनवायरचं काही पकडता येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आत पाल शिरून मेली, तेव्हापासून त्याचं वायफाय गेलेलं. राहिला कुस्तानचा मोबाइल.

एसटी थांब्याजवळ गौरजाचं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान. बीएस्सी झालेली, बोलायला फटकळ, पण मनाने चांगली पोर. तिच्या लग्नातले सगळे ब्लाउज कुस्तानने शिवलेले. बुधवारी दुपारी ती दुकानाला कुलूप लावून आली. सगळं बघून म्हणाली, "राउटर नको, काका. हो कॉम्प्युटरच राउटर होतलो."

तिने मोबाइल चार्जरच्या वायरने कॉम्प्युटरला जोडला आणि मोबाइलचं इंटरनेट त्या वायरीतून कॉम्प्युटरला दिलं. मग ॲरोनची लांब निळी वायर घेतली. तिचं एक टोक कॉम्प्युटरच्या पाठीत, दुसरं यंत्राच्या पाठीत. टोकाचा चिमटा आत खट्ट वाजला पाहिजे, नाहीतर वायर लागली असं नुसतं वाटतं, हे तिने त्याच्या हातून दोनदा करून घेतलं. मग कॉम्प्युटरवर मोबाइलच्या जोडणीत जाऊन, हे इंटरनेट दुसऱ्यालाही वापरू द्यावं, अशा चौकटीत खूण केली. कुस्तान मान डोलवत होता. अस्तराला कापड आणि कापडाला काठ, एवढं त्याला उमगलं.

यंत्र सुरू झाल्यावर पडद्याने विचारलं, कोण आहात. दोन चित्रं होती : एक ॲरोनचं, एक पाहुण्याचं. गौरजाने तपासणीपुरता पाहुणा निवडला. वायर सापडली, पण इंटरनेट नाही, असं यंत्र म्हणालं. तिने परत सगळं बघितलं, चिमटे काढून घातले, मोबाइल बंद करून चालू केला. अर्धा तास गेला. शेवटी तिला कळलं, जुन्या राउटरसाठी ॲरोनने यंत्रात स्वतःच्या हाताने आकडे घालून ठेवले होते. ते पुसून यंत्राला सांगायचं, आकडा आता कॉम्प्युटरकडून घे. तिने बटणावर बोट ठेवलं, तसा कुस्तानने तिचा हात धरला.

"रव गो बाय."

तो आपली मापांची वही घेऊन आला. नव्या पानावर ॲरोनचं नाव लिहिलं आणि खाली ते आकडे एकेक करून उतरवून घेतले, मधल्या टिंबांसकट. गौरजा खिडकीतून बाहेर बघत राहिली. मग त्याने मान हलवली, आणि तिने पुसलं. यंत्राला इंटरनेट मिळालं.

जाताना तिने विचारलं की हे चालवणार कोण. कुस्तान म्हणाला, शुक्रवारी बघू. तिला वाटलं असेल, बाहेरगावची भाचरं येणार असतील.

शुक्रवारी चार वाजता कुस्तानने दाढी केली, रविवारचा शर्ट घातला, केसांना पाणी लावलं आणि ॲरोनच्या खुर्चीत बसला. मोबाइल जोडला, निळ्या वायरीचे चिमटे बोटाने चाचपले, हेडफोन चढवला. पडद्याने विचारलं, कोण आहात.

पाहुण्यावर त्याचं बोट गेलंच नाही. घर आपलं, खोली आपली, पाहुणा म्हणून कोण शिरेल? पूर्वी घरात एक फोन असे, तो घराचा असे, जो जवळ असेल तो उचले. यंत्राचंही तसंच असणार. त्याने ॲरोनच्या चित्रावर दाबलं.

पडदा उजळला. वर ॲरोनचं नाव, नावापुढे हिरवा ठिपका. कडेला मित्रांची नावं, बहुतेक करडी. मग लिओनचं नावही हिरवं झालं, आणि लगेच यंत्र गुणगुणू लागलं. बोलावणं आलं होतं. असं झालं की ॲरोन फुलीचं बटण दाबायचा, हे कुस्तानने दारातून शंभरदा पाहिलेलं. त्याने दाबलं.

आधी खरखर आली. मग कुणीतरी धावून आल्यासारखा श्वास.

"ॲरोन?" लिओन म्हणाला.

लहानपणी परसात काळोख पडला की लिओन अशाच आवाजात धाकट्याला हाक मारायचा. वयाने सहा वर्षांनी मोठा, पण एकटा घरात यायला घाबरायचा. ही हाक आपल्यासाठी नाही, आणि ज्याच्यासाठी आहे त्याच्याकडून उत्तर येणार नाही, हे कुस्तानला त्या घडीला कळलं. आपण काय केलं तेही कळलं. गप्प राहावं, असं वाटलं. आणखी थोडा वेळ त्याला तसंच वाटू द्यावं.

"मी रे," तो म्हणाला. "पप्पा."

लिओनच्या नावापुढचा ठिपका हिरवाच राहिला.

"त्याच्या नावार कित्याक इलंस?"

"माका दुसरां दार म्हायत नाय होतां. फोन तू घेणस नाय."

मग लिओन बोलू लागला, तुटक तुटक. तो मेसमध्ये जेवत होता. मोबाइल वाजला : ॲरोन ऑनलाइन आला आहे. ताट तसंच टाकून तो धावत सुटला, जिन्यात चप्पल सुटली, सोबतची पोरं काय झालं म्हणून मागून ओरडत राहिली. "माका म्हायत होतां रे, दुसरां कोणतरी असतलां," तो म्हणाला. "तरी पळालंय."

कुस्तानने हेडफोन कानांवर घट्ट दाबला.

"तीनच दिवस मागितलेले मी. तोंड बघूक गावलां नाय. माती घालूक गावली नाय. तू माका काय्येक ठेवलंस नाय, पप्पा."

"त्याका थंडी सोसत नाय होती," कुस्तान म्हणाला.

आणि नऊ महिने अडवून धरलेलं त्याने सांगून टाकलं. शवागारात त्याला ओळख पटवायला नेलं होतं. तिथल्या माणसाने कप्पा बाहेर ओढला. कुस्तानने पोराच्या कपाळाला हात लावला आणि तो तसाच धरून राहिला. मे महिन्यात पंख्याखाली गोधडी कानापर्यंत ओढून झोपणारा पोर. थंडीत आंघोळीचं पाणी आईकडून तीनदा तापवून घेणारा. कुस्तानने त्या माणसाला विचारलं, हे थोडं कमी करता येईल का. माणूस भला होता, हसला नाही. काका, तसं नसतं, म्हणाला. मग कुस्तानने विचारलं, घरून गोधडी आणू का.

"माझ्यान झालां नाय रे. तीन दिवस त्याका त्या बर्फात ठेवूक माझ्यान झालां नाय. खुळो म्हण माका."

"तो मेलेलो, पप्पा."

"व्हय. म्हायत आसा."

पलीकडे लिओन रडत होता, तोंडावर हात दाबल्यासारखा. कुस्तानने त्याला रडू दिलं. हा आवाज त्याच्या वाट्याला आजच आला होता. तो मधे तोडायचा नव्हता.

"माका समाजता तू कित्याक केलंस ता," लिओन शेवटी म्हणाला. "पण माका तो गावलो नाय. ता तसांच रवतलां."

कुस्तानने पडद्यावरच्या लिओनच्या नावाकडे बघत मान हलवली.

"आता बंद कर ता. परत कधी त्याच्या नावार येव नको."

"नाय येवचंय. तू आधी जा, मी मागसून करतंय."

"नाय. तू कर. त्याचो ठिपको जाताना माका बघूक होया."

कुस्तानने वाकून वायरीला हात घातला. "रव," लिओन म्हणाला. मग तो प्रार्थना म्हणू लागला. घरात तिन्हीसांजेला रोझरीची जपमाळ व्हायची तेव्हा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा, पुढचा बाकीच्यांनी. लिओन अर्ध्यावर थांबला. कुस्तानने पुढचं अर्धं म्हटलं. कार्मीन चहाची कपबशी घेऊन दारात आली होती. तिला नुसता नवऱ्याचा आवाज ऐकू येत होता. ती काय समजली कोण जाणे, पण कपबशी जमिनीवर ठेवून तीही ओठ हलवू लागली. असं तीनदा झालं.

"आता," लिओन म्हणाला.

चिमटा अंगठ्याने दाबल्याशिवाय वायर निघत नाही. चाळीस वर्षं कात्री धरलेला तो अंगठा, पण दोनदा निसटला. तिसऱ्यांदा वायर हातात आली. हेडफोनमधली खरखर थांबली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, ती त्याला वाचायची गरज नव्हती.

हेडफोन त्याने बराच वेळ काढला नाही. कार्मीन खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. लिओन होता का, हे तिने विचारलं नाही. तिने दुसरंच विचारलं.

"रविवारी फोन करतलो मां?"

"तुका करतलो," कुस्तान म्हणाला.