सुलभावहिनीनं निवडलेली अंगठी

"आत्या, आई गेली..." भाच्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. त्याला आता महिना होऊन गेला. भेटायला येणारे सुलभावहिनीच्या आजारपणाचं विचारतात. मला मात्र तिची पहिली भेट आठवते, नगरच्या सराफ बाजारातली.

बहात्तरच्या सुमाराची गोष्ट. माझा थोरला भाऊ नगरजवळ नागापूरच्या कारखान्यात नुकताच लागला होता. आम्ही नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडचे, भातशेतीवाले. साखरपुड्याची अंगठी मुलाकडच्यांनी आणायची आणि मुलीनं मुकाट्यानं बोट पुढं करायचं, अशी तेव्हाची रीत. दादा मात्र अडून बसला, "घालायची तिला आहे, तर निवडू दे तिलाच." म्हणून आई, दादा, मी आणि नगरचीच असलेली वहिनी, अशी चौघं पेढीवर जाऊन बसलो.

सराफांनी नव्या अंगठ्या पुढं मांडल्या. वहिनीनं त्यांवरून नुसती नजर फिरवली आणि तराजूशेजारी मोडीत आलेल्या दागिन्यांतून एक अंगठी उचलली. जुनी, जाड, दोन्ही बाजूंना वेल कोरलेली, मधे डाळिंबाच्या दाण्याएवढं माणिक.

"ही."

सराफ चपापले. "पोरी, ती वितळवायला आलीय. माळीवाड्यातल्या पार्वतीबाईंची. मालक गेले, आता ही घालून कुठं मिरवू, म्हणाल्या."

आईचा चेहराच उतरला. "कुंकू पुसलेल्या बाईची? न्हाई गं बाई! माझ्या लेकाच्या जिवावर बेतंल. ठेव ती खाली."

मला वाटलं, मोडलं लग्न. वहिनीनं आवाज चढवला नाही, पण अंगठीही खाली ठेवली नाही. "आत्याबाई, त्या बाईंनी अख्खा संसार ही घालून केला. यात अशुभ काय आहे? मला हीच हवी. पण त्यांना विचारून."

आईनं दादाकडं पाहिलं. दादा उठला. "चला, विचारून येऊ."

पार्वतीबाई एका खोलीत एकट्याच राहत होत्या. आमचं ऐकून त्यांनी वहिनीचा हात हातात घेतला. म्हणाल्या, "घाल पोरी, सुखानं घाल." वहिनी त्यांच्या पाया पडली. "साखरपुड्याला तुम्ही यायचं."

"मी? मला कोण बोलावतं शुभकार्याला?"

"मी बोलावतेय."

त्या आल्या आणि दाराशीच टेकल्या. वहिनीनं हाताला धरून त्यांना पुढं आणून बसवलं. बायका कुजबुजल्या. आई तर रागानं आतल्या खोलीत गेली. अंगठी घालताना बाहेर आली नाही.

लग्नानंतरही आई लई दिवस ताठच वागली. वहिनीनं तिला कधी टोमणा मारला नाही, आणि त्या दिवसाबद्दल कधी माफीही मागितली नाही. हळूहळू दोघी एका ताटात जेवू लागल्या. आईला भीती होती ते काही झालं नाही. दादा आजही ठणठणीत आहे. गेली ती वहिनी...

बाबा वारले त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या मुलीचा साखरपुडा होता. पाहुणे जमले आणि आई दिसेना. मागच्या खोलीत धान्याच्या कोठीआड जाऊन बसली होती. वहिनी तिथं गेली.

"उठा, आत्याबाई."

"नगं गं. माझी सावली पोरीवर कशाला?"

"तुम्ही आल्याशिवाय कार्य सुरू व्हायचं नाही."

आई रडली. मग पदरानं डोळे पुसून उठली, वहिनीचा हात धरून मांडवात आली, आणि सगळ्यांच्या आधी तिनं नातीला कुंकू लावलं. या वेळी कुणी कुजबुजलं नाही. आमच्या घरात तेव्हापासून शुभकार्याला कुणी मागच्या खोलीत बसत नाही.