हाकेमागचा दगड

मी अध्यापक विद्यालयात होऊ घातलेल्या शिक्षकांना मानसशास्त्र शिकवते. कुत्रा, घंटा आणि लाळ हा धडा दरवर्षी येतो आणि दरवर्षी मागच्या बाकावर कुणीतरी लाळेवरून खुसखुसतं. मग मी पुस्तक मिटते आणि आमच्या बागेतल्या वानरांची गोष्ट सांगते. म्हणजे सांगायचे. यंदा तो धडा मला घेता आला नाही. दुसऱ्या बाईंना दिला.

आमची हापूसची बाग पूर्णगडच्या बाजूला, घरामागच्या चढावर आहे. कातळ फोडून, माती भरून लावलेली कलमं. बाबांचा जन्म त्यांच्यात गेला. वानरांशी त्यांचं हाडवैर. कैऱ्या धरल्या की टोळी हजर. एक चावा घ्यायचा, टाकायची, दुसरी तोडायची. "खा मेल्यांनो, पण संपवा तरी!" असं बाबा करवादायचे. गलोलीवर त्यांचा हात पक्का होता. आधी हाक द्यायची, "होऽऽय मेल्यांनोऽऽ!", आणि ती विरते न विरते तोच खडा सुटायचा. तोही अंगावर नाही, शेजारच्या फांदीवर. आधी हाक कशाला, असं मी लहानपणी विचारलं होतं. "न सांगता मारू नये," म्हणाले.

पुढे पुढे नुसती हाक पुरायला लागली. गंमत पिल्लांची होती. आईच्या पोटाला बिलगलेल्या पिल्लांनी बाबांचा खडा कधी पाहिलाच नव्हता. हाक आली की आई पळते, एवढंच त्यांनी पाहिलेलं. मोठी झाल्यावर तीही पळायची. याला अभिसंधान म्हणतात, असं मी एकदा घरी येऊन मोठ्या ऐटीत सांगितलं. "मग सर्टिफिकेट त्यांना दे, मला कशाला सांगत्येस?" म्हणाले.

शिकली ती काही वानरंच नव्हेत. वरून हाक आली की खाली आई चहाचं आधण ठेवायची. वानरं पळाली की बाबा उतरून येणार, मागच्या पायरीवर टेकणार, हे ठरलेलं.

अलीकडे त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. चढ चढवेना, आणि घरात बसून चिडचिड नुसती. शेवटी मी त्यांची हाक मोबाईलवर रेकॉर्ड केली आणि लांज्याहून भोंगा आणून वर राखणीच्या खोपीवर बसवला. घरातून बटण दाबलं की वर बाबांची हाक, आणि खाली आईचं आधण तसंच. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता. आवाजाला शर्ट कशाला, म्हणून मी चिडवलं, तर त्यांनी वरचं बटणही लावलं. त्यानंतरही कधीतरी काठी टेकत वर जाऊन एखादा खडा मारून यायचे. हाकेचा धाक राहायला हवा ना!

यंदा कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या आणि बाबा गेले. झोपेत गेले. कुणाला त्रास न देता गेले, असं जो तो म्हणे, आणि मला त्या वाक्याचा संताप यायचा. द्यायचा होता त्रास. आम्ही काय नको म्हटलं होतं?

तेरावं झालं, पाहुणे पांगले. मी रजा वाढवून आईजवळ राहिले. एका सकाळी वर फांद्या हलल्या आणि मी विचार न करता बटण दाबलं. "होऽऽय मेल्यांनोऽऽ!" वानरं उधळली. आत गॅस पेटवल्याचा आवाज झाला. जाऊन बघते, तर आई पातेल्यासमोर उभी.

"हात गेला गो आपसूक," एवढंच म्हणाली.

मी तिला धरलं. यापुढे भोंगा लावायचा नाही, म्हटलं. तिने मान हलवली. "लाव. आवाज तरी येतो."

मग रोज लावत गेले. वानरं पळायची, आई अर्धी उठून परत खाली बसायची, आणि मी, सगळं ठाऊक असून, चढावरून कोणी उतरतंय का ते बघायचे.

टोळीत एक कान फाटलेली म्हातारी वानरी होती. एकदा हाक झाली, सगळी पळाली, ही मात्र चार फांद्या जाऊन थांबली. मागे वळून बसली. खड्याची वाट बघत होती. खडा आला नाही. दुसऱ्या दिवशी ती हललीच नाही, आणि तिच्याकडे बघून आणखी दोघी थांबल्या. पिल्लं आयांच्या तोंडाकडे बघत होती. आठवड्याच्या आत सगळी टोळी हाकेखाली बसून कैऱ्या फोडायला लागली. एक पिल्लू तर भोंग्यावरच जाऊन बसलं. त्याच्या ढुंगणाखालून माझे बाबा ओरडत होते आणि ते शेपटी हलवत होतं.

बाबांना घरातून नेलं तेव्हा रडले नव्हते इतकी मी त्या दिवशी मागच्या पायरीवर बसून रडले. खडा थांबला की धाक ओसरतो, हे मी मुलांकडून परीक्षेत लिहून घेते. पण इथे वानरांना कळलं होतं की बाबा नाहीत. आई दारात उभी राहून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खुंटीवरची गलोल काढली आणि पदरात खडे घेतले. आई राखणीला कधी गेलेली नव्हती, गलोल तर तिच्या हातात मी पाहिलीच नव्हती.

"मी हात केला की हाक लाव," म्हणाली.

"आई, जाऊ देत त्या कैऱ्या. पडशील."

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. एकेका कलमाला धरत वर गेली आणि एका बुंध्याआड उभी राहिली. हात वर झाला. मी बटण दाबलं. वानरं ढिम्म. हाक विरते न विरते तोच आईने गलोल ताणली, डावा डोळा मिटून, जिभेचं टोक दातांत धरून. अगदी बाबांसारखी. तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. मागच्या दारातून आयुष्यभर बघितलं होतं, तेवढंच. मला खालून बघवेना.

पहिला खडा भलतीकडे गेला. पुन्हा हात, पुन्हा हाक. दुसरा खोपीच्या पत्र्यावर आपटला. किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी एक खडा त्या म्हातारीच्या शेजारच्या फांदीवर ठाणकन बसला. तिने उडी घेतली, तिच्यामागे सगळ्यांनी घेतली, आणि टोळी कातळापार दिसेनाशी झाली.

मी धावत वर गेले. आई खाली बसली होती, मनगट चोळत. "एवढ्याशा कैऱ्यांसाठी हे काय करून घेतलंस?" मी ओरडलेच तिच्यावर.

"कैऱ्या खाऊ देत गो. मला काय करायच्येत?" आई म्हणाली. "ते नाहीत हे आपल्याला कळलंय तेवढं पुरे. वानरांना तरी वाटू दे, आहेत म्हणून."