फोटोतली सावली

बटण दाबून झालं की आमच्या ऑफिसचे मालक भाऊ खाली वाकायचे आणि टेबलाखालच्या सीपीयूला उपडा हात लावून पाहायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा. मग समाधानानं सरळ होऊन समोरच्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "थंड आहे. गरमी त्याइले, फोटो आपल्याले."

हे 'ते' म्हणजे नेमके कोण, ते भाऊंना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. कुठंतरी दूर मोठमोठी मशीनं होती. आपण घराचं मॉडेल इंटरनेटवरून तिकडं पाठवायचं, आणि त्या मशीनांनी ऊन, सावली, काचा, गवत सगळं बसवून खऱ्यासारखा फोटो परत पाठवायचा. याला क्लाउड रेंडरिंग म्हणतात. "भाऊ, हे जाते कुठी?" असं एखाद्यानं विचारलं की भाऊ छताकडे बोट दाखवायचे. तिथं पंखा होता.

तुम्ही चंद्रपूरचा मे महिना पाहिला असेल तर जास्त सांगत नाही. पाहिला नसेल तर सुखी राहा. क्लाउड येण्याआधी एक फोटो निघायला अख्खा दिवस जायचा. कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे असायचं आणि आम्ही माणसं कूलरच्या मागं बसून घाम पुसायचो. फोटो पूर्ण व्हायला आला की लाइट जायची. वीज आमच्याच जिल्ह्यात तयार होते ना, त्यामुळे तिला बाहेरगावी जायची घाई असावी. तेव्हा भाऊंनी क्लाउडचा खातेदार होणं म्हणजे आमच्यासाठी कूलर मोकळा होणं होतं, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

घरांचे नकाशे काढायच्या त्या ऑफिसात मी ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी आयटीआयच्या सर्टिफिकेटवर तसंच छापलंय. भिंती मी उभ्या करायचे, जिने मी चढवायचे, संडासचा पाइप कुठून जाणार हे मी पाहायचे. भाऊ शेवटी येऊन बसायचे आणि घराचा शृंगार करायचे. हिरवंगार गवत, लाल गाडी, कुत्रा फिरवणारी गोरी बाई. घुग्घुसच्या एका गिऱ्हाइकानं त्या बाईवर बोट ठेवलं.

"हे कोण व्हय?"

"शेजारीण," भाऊ म्हणाले.

"आमच्या शेजारी ट्रकचं गॅरेज आहे."

"मंग तर लागतेच न फोटोत."

त्या माणसाचं घरही फोटोत पांढरंशुभ्र होतं. कोळशाच्या धुळीत ते किती दिवस तसं राहिलं असेल ते तुम्हीच समजून घ्या.

आणि प्रत्येक फोटोत संध्याकाळ. सोनेरी ऊन, लांबच लांब सावल्या. मी एकदा म्हटलं, "भाऊ, आपल्याकडे दुपारही होते." ते म्हणाले, "दुपार पाहाले लोक इथी कायले येतीन, मॅडम? ते तर बाहेरच आहे." मला मॅडम म्हणाले की समजायचं, आज घरी जायला उशीर.

मॉडेल पाठवताना ऑफिसात सगळ्यांनी श्वास रोखायचा असे. भाऊंचा मोबाइल खिडकीत ठेवलेला, नेट त्याच्यावर. कोणी खिडकीजवळून गेलं तरी ते हातानंच "थांब" म्हणायचे. एकदा घाईत भिंतींच्या रंगांच्या फाइली पाठवायच्या राहिल्या आणि फोटो आला तो सगळं घर जांभळंगुलाबी होऊन. गिऱ्हाईक वडश्याचे राइस मिलवाले. भाऊ माफी मागणार तेवढ्यात ते म्हणाले, "वा भाऊ, असा रंग आमच्या गावात कोनाचाच नाई." घर तसंच झालं, आजही उभं आहे. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकाची मंडळी वडश्यात जमतात, तेव्हा त्यातली निम्मी त्या भिंतीपुढं फोटो काढून जातात. भाऊंनी हे आपल्या कल्पकतेच्या खात्यावर जमा केलं होतं.

पण भाऊंची खरी करामत वेगळीच होती. मॉडेलमध्ये एक झाड घ्यायचं आणि कॅमेऱ्याच्या मागं उभं करायचं. फोटोत झाड दिसत नाही, त्याची सावली तेवढी समोरच्या भिंतीवर पसरते. कोरी भिंत एकदम भरल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात त्या जागी झाड आहे की विजेचा खांब, हे पाहायला कोण जातंय?

एक बाई गेल्या. त्या धानोऱ्याच्या नर्सबाई.

नोकरीतून रिटायर होऊन घर बांधायला निघाल्या होत्या. प्लॉटचं तोंड मावळतीकडे. भाऊंनी फोटो समोर ठेवला. बाईंनी गाडीकडे पाहिलं नाही, गोऱ्या शेजारणीकडे पाहिलं नाही. गच्चीवर पंचशीलाचा झेंडा लावला आहे ना, तेवढं पाहिलं आणि व्हरांड्यावर बोट ठेवलं.

"इथी सावली राहीन?"

"राहीन न बाई."

"दुपारची बी?"

"राहीन न," भाऊ म्हणाले. त्यांचं लक्ष मोबाइलच्या नेटकडे होतं.

"नोकरीभर उन्हात फिरली मी," बाई म्हणाल्या. "गावोगावी, लेकराइले सुया द्याले. आता दुपारची आपल्या दारात सावलीत बसीन म्हणते. बाकी मले काई नाई पाहिजे."

घर झालं. बाईंनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं, ऐन मे महिन्यात. जेवण झाल्यावर त्यांनी व्हरांड्यात खुर्च्या टाकल्या आणि म्हणाल्या, "बसा न भाऊ." भाऊ बसले आणि लगेच अर्धे उठले, कारण खुर्ची तव्यासारखी तापली होती. पण यजमानीण समोर उभी, म्हणून परत बसले. बाईंनी आतून फोटो आणला. लॅमिनेट केलेला होता.

"यातली सावली मी पंधरा दिवसांपासून शोधून राह्यली, भाऊ. कुठी आहे ते?"

भाऊंनी घाम पुसला. "बाई, ते सावली मशीननं टाकली. क्लाउडवर."

"मशीनले थोडी विचारलं होतं मी? तुमाले विचारलं होतं."

बाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर भाऊ सहज निसटले असते. चिडलेल्या गिऱ्हाइकाला थंड करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ते उठले, मला म्हणाले, "मॅडम, मॉडेलात झाड कुठी होतं?" मी रस्त्यापलीकडची मोकळी जागा दाखवली. तिथं मोहफुलांची गाठोडी घेऊन जंगलाकडून आलेल्या बायका डोक्यावर पदर ओढून गाडीची वाट पाहत उन्हात बसल्या होत्या. भाऊ त्यांच्यात जाऊन उभे राहिले आणि तिथून घराकडे बराच वेळ पाहत राहिले. खरं सांगते, मला बरं वाटलं. कोणीतरी धरलं एकदाचं.

पुढच्या रविवारी आपला कॉम्प्युटरही तापू न देणारा हा माणूस करंजाचं रोप मांडीवर घेऊन धानोऱ्याच्या बसमध्ये बसला. ते रोप बकरीनं खाल्लं. दुसरं लावलं, तेही खाल्लं. तिसऱ्याला भाऊंनी कुठल्याशा साइटवरच्या उरलेल्या सळ्यांचा पिंजरा करून नेला. पाणी बाई घालायच्या आणि चौकशी भाऊ करायचे. रोज दुपारी फोन. "बाई, टाकलं का पाणी? किती पानं आली? शेंड्याले कीड तं नाई?" गिऱ्हाईक समोर ताटकळत बसलेलं. फोन झाला की त्यालाच मोबाइलवर रोपाचा फोटो दाखवायचे.

"पाहा, हे रेंडर होऊन राह्यलं. टाइम लागते थोडा. लोकल मशीन आहे. याची गरमी आपल्यालेच घ्या लागते."

गिऱ्हाईक माझ्याकडे पाहायचं. मी जिना काढायला लागायचे.

त्यानंतर भाऊंनी बिनझाडाची सावली टाकणं बंद केलं. सावली पाहिजे तर झाड फोटोत दिसलं पाहिजे, आणि झाड दिसलं तर ते कुठी लावता ते आधी सांगा. लोक घराचा फोटो घ्यायला यायचे आणि खड्डा खणायचं वचन देऊन जायचे. काही जण तेही न देता पलीकडच्या गल्लीतल्या ऑफिसात जायचे, तिथं फोटोत स्विमिंग पूल फुकट मिळायचा. मी भाऊंना म्हटलं, असं चाललं तर आपण दोघंच उरू. ते म्हणाले, "मंग कूलर दोघाइलेच पुरते न."

अशी सहा-सात वर्षं गेली. करंज पिंजऱ्याबाहेर आला, मग पिंजराच काढावा लागला. भाऊंचं हृदयाचं दुखणं याच काळात वाढलं आणि धानोऱ्याच्या फेऱ्या बंद झाल्या. फोन मात्र सुटला नाही. आता एकच प्रश्न. "बाई, भिंतीवर आली का सावली?"

गेल्या हिवाळ्यात ते दवाखान्यात असताना बाईंचा फोटो आला. घराची पुढची भिंत, सोनेरी ऊन, आणि भिंतभर पसरलेली करंजाची सावली. आमच्या रेंडरमधून उचलून ठेवल्यासारखी. भाऊंनी तो वॉर्डातल्या प्रत्येक माणसाला दाखवला. तरुण डॉक्टरनं मन लावून पाहिला आणि विचारलं, "छान आलंय. कुठलं सॉफ्टवेअर?"

"करंज," भाऊ म्हणाले.

त्याच आठवड्यात भाऊ गेले. ऑफिस मी चालवते. क्लाउडचं खातं त्यांच्याच नावानं आहे, बदलायला माझा हात धजत नाही.

या मे महिन्यात एका मोजणीसाठी धानोऱ्याला गेले होते. दुपारी बाईंच्या दारात उभी राहिले तर व्हरांडा तसाच पेटलेला. भिंतीला बोट लाववेना. दाराला कडी. सावलीचा मागमूस नाही. तेवढ्यात पाठीमागून हाक आली.

"इकडं ये बापा. तिथी कायले भाजून राह्यली?"

रस्त्यापलीकडे करंजाखाली बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. भोवती मोहफुलांची गाठोडी, गाठोड्यांच्या बायका, पाण्याचा एक माठ. सगळी सावली तिथंच, झाडाच्या बुडाशी गोळा झालेली. मी पलीकडे गेले.

"बाई, सावली भिंतीवर येत नाही?"

"येते न. दिवस बुडता बुडता. तेव्हा काय करू तिले?" त्यांनी मला बसायला गोणपाट सरकवलं. "म्हणून मीच इकडं येते दुपारची."

"मग भाऊ रोज विचारायचे तेव्हा?"

"मी म्हणत होती, आली."

"आणि तो फोटो?"

बाईंनी माठातून पाणी काढून माझ्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "माणूस दवाखान्यात पडून होता. मी संध्याकाळपर्यंत रस्त्यात उभी राह्यली आन् काढला. फोटो कोन्या टायमाले काढा लागते, ते त्याइच्याच फोटोतून समजलं मले."

मला भाऊंची फार आठवण आली. उठताना मी करंजाच्या खोडाला उपडा हात लावून पाहिला. बाहेर रस्ता वितळत होता, पण खोड थंड होतं.