मार्था आत्याचा क्रूस आणि माझे डोनट

आज माझे डोनट फुगले, आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

मार्था आत्याला जाऊन आज वर्ष झालं.

सकाळी चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा. नंतर बंदरावरच्या बायका घरी येणार होत्या, म्हणून मी आधीच पीठ मळून ठेवलं होतं.

जे पाचूबंदरचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिली, आयुष्यभर मासळी विकली.

दहावीनंतर मला कॉलेजला घालायचं की मासळीची टोपली द्यायची, यावर घरात वाद पेटला. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "टोपली माझी हाय. मी कोनाला देनार नाय."

म्हणून मी ग्रॅज्युएट झाले. घरातली पहिली.

आणि ग्रॅज्युएट झाल्यावर माझ्या डोक्यात डोनट शिरले.

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की बंदर बंद. सुकी मासळी असेल तोवर विकायची, मग बायकांनी नुसतं बसायचं. मला वाटायचं, आपण गट करू. स्टेशनकडे नवीन केकशॉप निघालीत, त्यांना रोज ताजे डोनट देऊ. ओव्हन लागत नाही, तळायचेच तर आहेत. आमच्या बायकांना तळण कोणी शिकवायला नको.

सायबर कॅफेतून रेसिपीचा प्रिंटआउट आणला. मैदा, अंडी, बटर, ड्राय यीस्टची पुडी.

आत्याने पुडी कानाशी हलवून पाहिली.

"हे मेलंय गो."

"कोमट दुधात घातलं की जिवंत होतं, आत्या."

"ताडीला जिवंत करावं लागत नाय."

आता तिचं खरं होतं. आमच्याकडे लग्नाला फुगे लागतात. ताडी घालून पीठ आंबवायचं आणि मुठीतून गोळे तेलात सोडायचे. आत्याचे फुगे अख्ख्या बंदरात प्रसिद्ध.

पीठ झाकण्याआधी त्यावर हाताच्या कडेने क्रूस करायची पद्धत आहे. मम्मी करते, मीही करते.

पण एकदाच.

माझं पीठ काही फुगेना. मम्मी म्हणाली मैदा जुना असेल. मैदा बदलला. दूध जास्त तापलं असेल म्हणून बोट घालून घालून पाहिलं. यीस्टचं दुकान बदललं. तळले की पुरीसारखे चपटे, वर कडक, आत कच्चे.

आमच्या या दमट उकाड्यात पीठ न फुगायला काही कारणच नव्हतं.

मग एका दुपारी कारण सापडलं.

आत्या पाणी प्यायला आत आली. जाता जाता टोपावरचं फडकं उचललं, डोळे मिटले आणि पिठात चांगला मनगटापर्यंत क्रूस दाबला. फुस्स.

"आत्या! किती वेळा केलास?"

"येता-जाता."

"एकदाच करतात ना?"

"तुझ्या पुडीला एकदा पुरत नाय."

हसू आलं होतं तेव्हा. समजावलं. पिठात हवा भरते, दाबलं की निघून जाते, वगैरे. तिने मान डोलावली.

मग बायकांना दाखवायचा दिवस ठरला. त्या दिवशी चांगले झाले असते तर गट तिथेच सुरू झाला असता. आत्याला मी बाहेर ओट्यावर बसवलं. पीठ मस्त वर येत होतं, मी स्वतः पाहिलं. मग बायकांना बोलवायला गेले.

परत येऊन सगळ्यांसमोर फडकं काढलं. आडवे-उभे क्रूसच क्रूस, आणि पीठ तळाला.

तरीही तळले. शेजारच्या फिलू मावशीने एक हातात धरून आरपार पाहिलं. "भोक चांगलं जमलंय. बाकीचं कुठंय?"

सगळ्या हसल्या. चहा प्यायल्या, गेल्या. गट झाला नाही.

आत्या एकटीच ताटाशी बसून ते खात होती, एकामागून एक.

"का केलंस, आत्या? सांगितलं होतं ना तुला?"

"आज सगळ्या बघाया येनार होत्या. आज नाय करायचा तर कवा?"

आता हिच्यावर रागवायचं कसं? तुम्हीच सांगा. शत्रूने केलं असतं तर भांडता आलं असतं.

ती म्हणाली, पुढच्या पावसाळ्यात परत करू. आणि होड्या वर यायच्या आत गेली.

आज मिस्साहून आलो तर पिठाने फडकं वर उचललेलं. कोणी हात लावला नव्हता. लावणारं कोणी नव्हतंच. डोनट तेलात सोडल्या सोडल्या उलटून तरंगायला लागले. कापसासारखे.

फिलू मावशीने दोन खाल्ले. "हे त्या दिवशी का नाय केलंस गो?"

मी पुढचे तेलात सोडले.

"होड्या वर आल्या की सांग. मी येते. आनखी चौघी आनते."

एवढंच तर मला हवं होतं. उशिरा मिळालं, आणि जिला दाखवायचं होतं ती नाही. कोणावर चिडू?

बायका गेल्यावर दुसऱ्या घाण्याचं पीठ उरलं होतं. मी टोपावरचं फडकं काढलं आणि आत्यासारखा मनगटापर्यंत क्रूस केला. पाण्याला गेले, येताना परत केला. मग उगाच फिरून आले आणि परत केला.

चपटे झाले. वर कडक, आत कच्चे.

मी आणि मम्मीने ते संपवले.

होड्या वर आल्या की गट सुरू करतेय, आत्या. आता पिठाला कोणी हात लावणार नाही.

श्रद्धांजली. रागासकट.